वसईच्या जुन्या मालकांच्या गावात

शुक्रवार

सकाळी उतरलो, खोलीवर सामान टाकलं आणि थेट बेलेम गाठलं. लिस्बनला आलेला माणूस पहिल्या दिवशी हेच करतो. पंधरा नंबरची ट्राम नदीच्या काठाकाठाने नेते आणि मग सगळं वैभव एका ओळीत उभं असतं. मिरी-मसाल्यांवरच्या करातून बांधलेला जेरोनिमोश मठ. त्यात शिरताच वास्को द गामाची कबर (माणूस वारला कोचीत, १५२४ साली, अस्थी नंतर इकडे आणल्या). पुढे नदीकाठी १९६० सालचं ५२ मीटर उंच स्मारक, जहाजाच्या नाळेवर दाटीवाटीने उभे असलेले दर्यावर्दी. रांगा मोठ्या, ऊन कडक. पास्तेल द नाता, म्हणजे इथले कस्टर्ड भरलेले छोटे टार्ट खाल्ले, वर दालचिनीची पूड भुरभुरवून. चांगले होते, एवढं पुरे.

परतताना ट्राममध्ये बाबा म्हणाले, "इथे सगळं निघतानाचं आहे बघ. शिडं, झेंडे, आशीर्वाद. पोचल्यावर काय झालं त्याचा कागद कुठे ठेवलाय यांनी?"

बाबा वसईचे. पश्चिम रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी किल्ल्यात फिरायला जातात, त्यामुळे पोर्तुगीज त्यांना पुस्तकापेक्षा भिंतींमधूनच जास्त ठाऊक. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि मुंबईची बेटं पोर्तुगिजांना दिली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. मधल्या दोनशे वर्षांत वसईच्या माणसांचं भलंबुरं ठरवणारे हुकूम शेवटी याच नदीकाठावरून सुटत होते. उद्या ट्राम नको, बस नको, जुनं शहर पायी बघायचं, असं रात्री जेवताना ठरलं.

शनिवार

खोली मार्तिम मोनिज चौकाजवळ होती. हा भाग बांगलादेशी, नेपाळी आणि पंजाबी दुकानांचा. सकाळी आठला कोथिंबिरीच्या जुड्या आणि तांदळाच्या पिशव्या फुटपाथवर उतरत होत्या. चौकाला ज्याचं नाव आहे तो ११४७ च्या वेढ्यातला सरदार. तोवर चारेकशे वर्षं लिस्बन मुसलमानी अंमलात होतं. पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सू हेन्रिक्श याने क्रूसेडला निघालेल्या इंग्रज, जर्मन आणि फ्लेमिश लोकांना हाताशी धरून ते घेतलं. किल्ल्याचा दरवाजा आतून बंद होत असताना या मार्तिमने फटीत स्वतःचं अंग घातलं, चिरडून मेला, पण दार मिटू दिलं नाही, अशी आख्यायिका आहे. इतिहासकार ती फारशी मानत नाहीत. बाबांनी लगेच मानली. "विरार लोकलचं दार असं अडवणारे मी रोज बघितलेत," म्हणाले.

किल्ला टेकडीवर. लिस्बन स्वतःला सात टेकड्यांचं शहर म्हणवतं, आणि बाबांचा एक गुडघा चढाला कुरकुरतो. म्हणून चढ यंत्राने आणि उतार पायाने, असं आमचं धोरण. ज्यांच्या घरी असा गुडघा आहे त्यांच्यासाठी सांगून ठेवते: खालच्या बाइशा भागात रुआ दुश फान्केरुश नावाच्या रस्त्यावर एका साध्या इमारतीत सार्वजनिक लिफ्ट आहे, फुकट. ती वरच्या गल्लीत सोडते. तिथून जवळच एका सुपरमार्केटच्या पार्किंगची दुसरी लिफ्ट आहे, तीही फुकट. दोन्ही मिळून टेकडीचा बराचसा चढ संपतो. अठ्ठावीस नंबरच्या पिवळ्या ट्रामसाठी लोक रांगेत ताटकळत असतात तोवर आपण वर. दुसरी गोष्ट बुटांची. इथले सगळे फुटपाथ चुनखडीच्या पांढऱ्या आणि बेसाल्टच्या काळ्या छोट्या दगडांचे, पायांनी घासून घासून गुळगुळीत झालेले. दिसतात सुंदर, पण जरा ओल असली की घसरगुंडी. रबरी तळव्याचे बूट घाला आणि फोटो थांबून काढा.

सांव जॉर्ज किल्ला आम्ही भराभर उरकला. आज दिसणारा बराचसा तट आणि बुरूज १९३८ ते १९४० च्या सुमारास हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत डागडुजी करून नव्याने उभे केलेले आहेत, आणि ते जाणवतं. सगळं जरा जास्तच नीटनेटकं. मोर मात्र खरे आहेत आणि माजलेले आहेत. तटावरून तेजू नदी दिसते. इथे ती समुद्राला मिळण्याआधी इतकी पसरते की बाबांनी तिचं नाव बाजूला ठेवून सरळ "खाडी" म्हणायला सुरुवात केली. ते बरोबरच आहे, भरती-ओहोटी इथवर येते.

किल्ल्यावरून पूर्वेला उतरलं की एका सज्ज्यासारख्या चौकात संत व्हिसेंतचा पुतळा लागतो, हातात गलबत, गलबतावर दोन कावळे. हेच शहराचं बोधचिन्ह आहे, दिव्याच्या खांबांवरही दिसतं. त्याच्या नावाचा मठ, सांव व्हिसेंत द फोरा, समोर पांढराशुभ्र दिसत होता. लिस्बनमध्ये एकच जागा बघायला वेळ असेल तर मी बेलेम सोडून इथे पाठवेन.

मठात निळ्या-पांढऱ्या टाइल्स भिंतीभर आहेत. वरच्या मजल्यावर ला फोंतेनच्या प्राणिकथांची ३८ चित्रं, एकेक थांबून बघावीत अशी. पण आम्ही आलो होतो जुन्या भोजनगृहासाठी. साधूंच्या या भोजनगृहाचं नंतर ब्रागांसा राजघराण्याचं दफनघर झालं. भिंतीकडेने संगमरवरी पेट्या ठेवलेल्या, बऱ्याचशा अगदी साध्या. पर्यटक जमतात ते राजा कार्लुश आणि युवराज लुईश फिलिप यांच्यापाशी. दोघांना १ फेब्रुवारी १९०८ रोजी भर चौकात गोळ्या घातल्या. त्यांच्यासमोर दगडात कोरलेली एक बाई तोंड झाकून रडते आहे. आम्ही तिला वळसा घालून भिंतीकडच्या पेट्यांची नावं वाचत गेलो आणि एकापाशी थांबलो. कातारिना, इंग्लंडची राणी.

मुंबई आंदण दिली ती हिच्या लग्नात. २३ जून १६६१ चा करार. पोर्तुगालला स्पेनपासून नुकतं मिळवलेलं स्वातंत्र्य टिकवायचं होतं, त्यासाठी इंग्रजांचं बळ हवं होतं. म्हणून दुसऱ्या चार्ल्सला राजकन्या दिली आणि तिच्यासोबत वीस लाख क्रुझादो, आफ्रिकेतलं तांजियर आणि मुंबई. शाळेत आपण इथवर शिकतो. पुढची गोष्ट जास्त मजेदार आहे. ताबा घ्यायला आलेल्या इंग्रजांना वाटत होतं की मुंबई म्हणजे साष्टी, ठाणं सगळंच आलं. पोर्तुगीज म्हणाले, छे, ते एक बेट तेवढं. गोव्याचा व्हाइसरॉय आंतोनियू द मेलू इ काश्त्रू ते एक बेटही द्यायला तयार नव्हता. इंग्रज मुंबईत बसले की हिंदुस्थान हातचा गेलाच समजा, असं त्याने राजाला कळवलं होतं. या घोळात इंग्रज शिपाई कारवारजवळच्या अंजदीव बेटावर अडकून पडले, त्यांचा सेनापती अब्राहम शिपमन तिथेच वारला, बहुतेक शिपाईही तापाने मेले. उरलेल्यांना मुंबई मिळाली फेब्रुवारी १६६५ मध्ये. तीन वर्षांत चार्ल्सला ते बेट डोईजड झालं आणि त्याने वर्षाला दहा पौंड भाड्यावर ते ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं.

"हिने मुंबई बघितली कधी?" बाबांनी विचारलं.

"नाही. इंग्लंडला गेली, तिथे मूलबाळ झालं नाही, नवरा गेल्यावर काही वर्षांनी परत माहेरी आली. १७०५ च्या अखेरीस इथेच वारली."

बाबा बराच वेळ पेटीकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "मी उभा जन्म वसई-चर्चगेट केलं. ही बाई नसती तर गाडी जाणार कुठे होती?"

मठाच्या गच्चीवरून खालचं मैदान दिसतं. शनिवार असल्याने तिथे फैरा दा लाद्रा हा जुना बाजार भरला होता (मंगळवारीही भरतो). जुन्या टाइल्स, पितळी कुलपं, वसाहतींतल्या युद्धावर गेलेल्या सैनिकांचे फोटो, सुटे बूट. चोरबाजार फिरलेल्या माणसाला नवं काही नाही, पण घासाघीस चालते आणि बाबांनी केली. एक जुना रेल्वेचा कंदील त्यांनी निम्म्या किमतीवर आणला आणि मग घेतला नाही. विक्रेता रागावलाही नाही. पलीकडेच राष्ट्रीय पंथिऑनचा, म्हणजे देशातल्या थोरांच्या स्मारकघराचा पांढरा घुमट आहे. बांधकाम १६८२ ला सुरू झालं, १९६६ ला संपलं. आत गामा आणि अल्बुकर्क यांची स्मारकं आहेत, देह नाहीत. "रिकाम्या कबरीला तिकीट?" म्हणून बाबांनी बाहेरूनच नमस्कार केला.

तिथून खाली अल्फामा. १७५५ च्या भूकंपातून वाचलेली ही जुनी वस्ती. खडकावर बसल्यामुळे हिला इतर शहराएवढा तडाखा बसला नाही. गल्ल्या अरुंद, जिन्यासारख्या, वर वाळत घातलेले कपडे, दारात स्टूल टाकून आंबट चेरीची जिंजिन्या नावाची दारू विकणाऱ्या आज्या. छायाचित्रांत अल्फामा जितका जिवंत दिसतो तितका तो आता नाही, हेही सांगायला हवं. दारोदार आकड्यांच्या कुलपाच्या छोट्या पेट्या लटकलेल्या आहेत, त्यात पाहुण्यांसाठी किल्ल्या. म्हणजे घर भाड्याने दिलेलं आणि घरातलं माणूस शहराबाहेर कुठेतरी. वाळत घातलेल्या कपड्यांत हॉटेलच्या सारख्या पांढऱ्या चादरी किती आहेत ते मोजायचा खेळ आम्ही सुरू केला आणि लवकरच सोडून दिला.

जेवणाची गंमत झाली. जून म्हणजे तारल्यांचा हंगाम. गल्लीगल्लीत कोळशाच्या शेगड्या बाहेर काढलेल्या, त्यावर मीठ मारलेले सार्डिन, आणि धूर असा की नाकानेच अर्धं जेवण व्हावं. आणि बाबांचा शनिवार! मारुतीचा वार ते समज आल्यापासून पाळत आले आहेत. वसईच्या माणसाला माशांच्या गावात नेमका शनिवार यावा. शेवटी काल्दु व्हेर्द मागवलं. बटाट्याचं दाटसर सूप, त्यात केसासारखी बारीक चिरलेली हिरवी पालेभाजी. त्यात डुकराच्या सॉसेजची एक चकती घालतात, ती नको म्हणून आधीच सांगावं लागतं. पाव, ऑलिव्ह, चीज न मागता टेबलावर येतं. खाल्लं तर बिलात लागतं, नको असेल तर सरळ परत करावं, कोणी वाईट वाटून घेत नाही. मी सार्डिन घेतले. बाबांनी खुर्ची भिंतीकडे वळवून घेतली.

दुपारी एक काम होतं. बाबांचे रेल्वेतले एक जुने सहकारी वसईचे ख्रिस्ती, सांत आंतोनीचे मोठे भक्त. जग त्याला पादुआचा संत म्हणतं कारण तो इटलीत पादुआला वारला, पण जन्म लिस्बनचा, ११९५ च्या सुमाराचा. कॅथेड्रलच्या खालच्या अंगाला, त्याचं घर होतं असं मानतात त्या जागी, लहानसं चर्च आहे आणि तळघरात ती जागा दाखवतात. तिथे मेणबत्ती लावायची होती. तेरा जूनचा सण होऊन गेला होता, तरी बेसिलच्या छोट्या कुंड्या आणि कागदी माळा गल्लीत अजून होत्या. बाबांनी मेणबत्ती लावली, फोटो काढून तिथल्या तिथे पाठवला. उत्तर लगेच आलं: आपल्या गोन्सालो गार्सियाचंही नाव तिथे कुणाला माहीत आहे का विचार. वसईत जन्मलेला, १५९७ मध्ये जपानात नागासाकीला क्रुसावर मारला गेलेला आणि पुढे संतपद मिळालेला हा माणूस. बाबांनी पुस्तकं विकणाऱ्या बाईंना विचारलं. त्यांना माहीत नव्हतं. बाबांनी त्यांना दहा मिनिटं सांगितलं, अर्धं इंग्रजीत, अर्धं हातवाऱ्यांनी, आणि बाईंनी नाव लिहून घेतलं.

नदीकडे उतरलो की काझा दुश बीकुश. या घराच्या दर्शनी भिंतीचे दगड हिऱ्यासारखे टोकदार कापलेले. १५२३ चं हे घर ब्राश द अल्बुकर्कचं. ज्याने १५१० मध्ये गोवा जिंकला आणि १५१५ मध्ये गोव्याच्या बंदराच्या तोंडाशी जहाजावर प्राण सोडला, त्या अफोन्सू द अल्बुकर्कचा हा मुलगा. वरचे दोन मजले भूकंपात गेले, १९८० च्या दशकात पुन्हा चढवले. आता इथे साहित्याचं नोबेल मिळवलेल्या जुझे सारामागूच्या नावाची संस्था आहे, आणि त्याच्या अस्थी समोरच्या ऑलिव्हच्या झाडाखाली. गोवा घेणाऱ्याच्या मुलाच्या घरात सत्तेवर आयुष्यभर टीका करणारा लेखक, ही भाडेकरूंची अदलाबदल मला आवडली.

मग तेर्रैरू दु पासू. तीन बाजूंनी पिवळ्या कमानी, चौथी बाजू नदीला मोकळी, पायऱ्या पाण्यात उतरलेल्या आणि तिथे दोन खांब. आज दिसतं ते सगळं भूकंपानंतरचं. आधी इथे राजवाडा होता आणि त्याला लागून 'काझा दा इंदिया', म्हणजे हिंदुस्थानच्या व्यापाराची कचेरी. मिरी इथे मोजली जाई, खलाशांची भरती इथे होई, नेमणुकांचे कागद इथून निघत. ताफा मार्च-एप्रिलमध्ये निघायचा, म्हणजे आपल्याकडचा पाऊस संपता संपता गोव्याला लागायचा. अर्थात वाटेत बुडाला नाही तर.

१ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा दिवस. सकाळी साडेनऊ-पावणेदहाला चर्चं भरलेली, मेणबत्त्या लागलेल्या. भूकंप झाला. लोक इमारतींपासून पळून मोकळ्या जागी, म्हणजे याच नदीकाठी आले. पाऊण तासात समुद्राच्या लाटा आल्या. आणि मेणबत्त्यांनी लागलेली आग पुढे कित्येक दिवस जळत राहिली. राजवाडा गेला, त्यातलं ग्रंथालय गेलं, काझा दा इंदियाचं बहुतेक दफ्तर गेलं.

"म्हणजे वसईचे कागद इथे बुडाले," बाबा पायऱ्यांवर बसत म्हणाले.

सगळेच नाही. किल्ल्याच्या मनोऱ्यातलं सरकारी दफ्तर मनोरा कोसळूनही वाचवलं गेलं. आणि राजाकडून दरवर्षी पावसाळी वाऱ्यांवर गोव्याला येणारी पत्रं गोव्यातही जपली होती. पणजीच्या पुराभिलेखागारात त्यांचे जाडजूड खंड आहेत. वसईबद्दल वाचायचं तर लिस्बनइतकंच पणजीला जावं लागतं. "ते आधी सांगायचंस, तिकीट स्वस्त पडलं असतं," बाबा म्हणाले.

चौकाच्या कमानीतून आत शिरलं की बाइशा. भूकंपानंतर मंत्री पोंबालने हा सगळा भाग सरळ रेषांत आखून घेतला: सोनारांचा रस्ता, चांदीकामवाल्यांचा, मोच्यांचा. इमारतींच्या भिंतींत तिरप्या फळ्यांचा लाकडी सांगाडा बसवला, पिंजऱ्यासारखा, म्हणजे जमीन हलली तर घर हलेल पण पडणार नाही. नमुना उभा करून त्याभोवती सैनिकांना पाय आपटत फिरवलं आणि तो टिकतो का ते पाहिलं, असं सांगतात. पोंबालने गावोगावच्या पाद्र्यांना प्रश्नावलीही पाठवली: धक्का किती वेळ टिकला, समुद्र आधी आत गेला की बाहेर, विहिरींचं पाणी बदललं का. भूकंपशास्त्राची सुरुवात मोजणारे तिथपासून मोजतात. आजची ही वस्ती मात्र नुसती दुकानांची. चुंबकं, कॉर्कच्या पिशव्या, पुन्हा चुंबकं. रुआ दुश कुर्रैरुशवर एका बँकेच्या इमारतीखाली रोमन काळातले मासे खारवण्याचे हौद निघालेत, ते मार्गदर्शकासोबत दाखवतात. मासे मिठात आंबवून रस करायचे आणि जहाजाने साम्राज्यभर पाठवायचे. बाबा हौदावर वाकून म्हणाले, "वास अजून यायला हवा होता."

रोसियू चौकात फरशीवर काळ्या-पांढऱ्या लाटा आहेत, चालताना डोळे फिरतात. उत्तरेला खांबांचं देखणं नाट्यगृह. त्या जागी पूर्वी इन्क्विझिशनची, म्हणजे धर्मद्रोह्यांना शिक्षा देणाऱ्या धर्मन्यायालयाची कचेरी होती. बाजूच्या छोट्या चौकात सांव दुमिंगुशचं चर्च. १५०६ मध्ये याच चर्चमधून सुरू झालेल्या दंगलीत सक्तीने ख्रिस्ती झालेल्या ज्यूंची कत्तल झाली. बाहेर दावीदच्या ताऱ्याचं स्मारक २००८ मध्ये बसवलं. चर्च १९५९ च्या आगीत आतून जळलं. ते दुरुस्त करताना खांब मुद्दाम तसेच ठेवले, तडकलेले, खपल्या निघालेले. सोनेरी नक्षीची चर्चं पाहून डोळे थकल्यावर हे आत जाऊन बघावं.

मला इथे गार्सिया द ओर्ताची आठवण काढायची होती. हा वैद्य, त्याच सक्तीने बाटवलेल्या ज्यू घराण्यातला. १५३४ मध्ये लिस्बनहून निघून गोव्याला आला. गोव्यात राहिला, निजामशाहीच्या दरबारी औषधोपचार केले, आणि मुंबईचं बेट त्याला पट्ट्याने मिळालं होतं. मुंबईतला त्याचा वाडा म्हणजेच तो, जिथे पुढे इंग्रजांना ताबा दिला गेला, असं मानतात. १५६३ मध्ये गोव्यात त्याचं पुस्तक छापलं गेलं: हिंदुस्थानातल्या औषधी, मसाले, फळं, सगळं प्रश्नोत्तरांच्या रूपात. हळद, हिंग, भांग, नारळ, आंबा. मुंबईच्या त्याच्या बेटावरच्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळ धरे, असंही त्यात आहे. तो १५६८ मध्ये वारला तोवर वाचला. पुढच्या वर्षी त्याच्या बहिणीला गोव्यात इन्क्विझिशनने जिवंत जाळलं, आणि १५८० मध्ये त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. शहरात त्याच्या नावाची बाग आहे, पण ती दूर नव्या वस्तीत. नाट्यगृहावर त्याचं नाव नाही. काल बेलेमला त्या दगडी नाळेवर जे उभे होते त्यांच्यापेक्षा आपल्या मुलखाकडे डोळे उघडून पाहणारा हा एकटा माणूस मला मोठा वाटतो. बाबांना हे पटलं नाही. "पट्ट्याने बेट घेणारा तोही मालकच," म्हणाले. त्यावर आमचा वाद झाला आणि तो जिंजिन्याच्या दुकानापर्यंत पुरला. हे टपरीएवढं दुकान १८४० पासूनचं. बाबांनी शनिवार म्हणून तीही नाकारली. मी घेतली, खोकल्याच्या औषधासारखी लागते.

वर कार्मूला जायला सांता जुश्ता ही १९०२ ची लोखंडी लिफ्ट आहे, रांग नेहमीच मोठी. आम्ही मेट्रो स्टेशनात शिरलो. बाइशा-शियादू स्टेशनचं एक तोंड खाली, एक वर टेकडीवर, मध्ये लांबलचक सरकते जिने. तिकिटाच्या फाटकात न जाता वर येता येतं. वर कॉफी घेतली आणि कार्मूच्या मठात शिरलो.

छत नाही. १३८९ ला सुरू झालेलं हे चर्च भूकंपात कोसळलं आणि मधल्या दालनाचं छत पुन्हा घातलंच नाही. टोकदार कमानी नुसत्या आभाळाखाली उभ्या, खाली गवत. आत वस्तुसंग्रहालय आहे, पेरूच्या ममी वगैरे. बाबांनी वर बघितलं, भिंतींना हात लावला, सावकाश एक फेरी मारली.

"काय वाटलं?"

"हे आपल्याकडे किल्ल्यात फुकट आहे. आणि आपल्याकडे वडाच्या मुळ्यापण आहेत."

बाहेरच्या चौकात सावली देणारी झाडं आहेत, लोक बाकांवर बसलेले. मठाला लागून पोलीस दलाची कचेरी. २५ एप्रिल १९७४ ला लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांनी बंड केलं तेव्हा पंतप्रधान मार्सेलू कायतानू याच इमारतीत लपला होता. चौक माणसांनी भरून गेला, बंदुकांच्या नळ्यांत लोकांनी कार्नेशनची फुलं खोचली, संध्याकाळी त्याने सत्ता सोडली. अर्धशतकाची हुकूमशाही संपली. तोवर पोर्तुगाल गोवा भारताचा आहे हे मानतच नव्हता. १९६१ ला सैन्य शिरलं तरी कागदावर गोवा त्यांचाच. त्या डिसेंबरात शाळेत साखर वाटली होती, हे बाबांना आठवतं. नव्या सरकारने ३१ डिसेंबर १९७४ रोजी दिल्लीत करार केला आणि गोवा, दमण, दीव, दादरा-नगर हवेली भारताची हे मान्य केलं. पोर्तुगालतर्फे सही मारिओ सुआरिशची, आपल्यातर्फे परराष्ट्रमंत्र्यांची.

"परराष्ट्रमंत्री कोण तेव्हा?"

"यशवंतराव चव्हाण."

बाबा बाकावर सरळ होऊन बसले. "यशवंतरावांची सही? आणि हे इथे कुठे लिहिलेलं नाही?" मग त्यांनी फोन काढला आणि मेणबत्तीवाल्या मित्राला तीन मिनिटांचा ध्वनिसंदेश पाठवला, त्यात चिमाजी अप्पांपासून यशवंतरावांपर्यंत सगळं आलं आणि वैद्यबुवा ओर्तांना मात्र वगळलं.

खाली उतरलो तेव्हा ऊन अजून भिंतींवर होतं. जूनमध्ये इथे नऊपर्यंत उजेड असतो. एका गल्लीत पुन्हा शेगडी, पुन्हा तो धूर. बाबांचा वेग कमी झाला. फोन बघून म्हणाले, "साडेसात वाजले."

"हो."

"म्हणजे घरी बारा वाजले. वसईत रविवार लागला."

"बाबा, वार सूर्योदयाला बदलतो. तुम्हीच शिकवलंत."

"तो पंचांगातला. हा फोनमधला," असं म्हणत ते खुर्ची ओढून बसलेसुद्धा. "सहा सांग. आणि लिंबू जास्त."